लाँड्रीमागचा थांबा

"दोन नंबर, तुम्ही का थांबलात?"

पायलटच्या हातातला चहा हिंदकळला आणि पँटवर सांडला. आवाज कुठून आला हे आधी त्याला कळेना. बसमध्ये तो आणि त्याची बायको, दोघंच होती. बायको ड्रायव्हरमागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती, अर्धं बिस्कीट तोंडात आणि अर्धं हातात. तिने छताकडे पाहिलं, सीटखाली पाहिलं, आणि मग भुवई उडवून स्टिअरिंगकडे खूण केली. सकाळीच तिथे एक काळी डबी बसवून गेले होते. तिच्यात हिरवा दिवा लुकलुकत होता.

"दोन नंबर, ऐकू येतंय ना? तुमची बस लाँड्रीच्या मागे उभी दिसतेय. काही अडचण?"

"टायर," पायलट डबीचं बटण दाबून म्हणाला. तोंडातून तेवढाच शब्द निघाला. मग त्याला शेपूट जोडत तो म्हणाला, "टायर बघतोय जरा. हवा कमी वाटली."

"बरं. नोंद केली," डबी म्हणाली आणि गप्प झाली.

बायकोने बिस्कीट गिळलं. "ती बया बघतेय का हो आपल्याला?"

"बघत नाही गं. बस कुठे आहे तेवढंच कळतं तिला."

"आणि आपण बोललो ते?"

"ते नाही कळत. बटण दाबल्याशिवाय नाही."

"नक्की?"

"तसं सांगितलंय तरी," असं म्हणत पायलटने खिशातला रुमाल काढला आणि डबीवर पांघरला.

पायलट हे काही त्याचं खरं नाव नव्हे. बस सुरू करताना "बसा, बसा, उडायचंय आता" असं म्हणायची त्याला सवय होती, म्हणून विद्यापीठातल्या पोरांनी कधीतरी ते ठेवलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या खिडकीतला माणूससुद्धा "या पायलट" म्हणायचा. बसचा मार्ग गोल होता. मुख्य दरवाजा, ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृहं, तळ्याला वळसा आणि पुन्हा मुख्य दरवाजा. "आयुष्यभर गाडी हाकली आणि कुठे पोचला नाही," असं त्याची म्हातारी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. म्हातारीची जीभ तिखट होती आणि कान त्याहून तिखट.

त्या कानांमुळेच तर हे सगळं सुरू झालं होतं. घर दोन खोल्यांचं. त्यात आई, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गळा काढणारा टीव्ही. अशा घरात नवरा-बायकोने बोलायचं म्हणजे भर सभेत बोलण्यासारखं. पायलट बायकोला हळूच "अगं, ऐक ना" म्हणाला, की आतल्या खोलीतून आई विचारायची, "काय ऐकायचंय?" लग्न झालं तेव्हा घरात दीर-नणंदा होत्या, त्या गेल्या तर मुलं मोठी झाली, मुलं मोठी झाली तर सून आली. माणसं बदलली, पण गर्दी तेवढीच राहिली.

बायको विद्यापीठाच्या लाँड्रीत होती. वसतिगृहांच्या चादरी, पाहुण्यांच्या खोल्यांतले पडदे, प्रयोगशाळेतले पांढरे कोट, सगळं तिथे धुतलं जायचं, आणि ती मोठ्या इस्त्रीच्या यंत्रावर. दुपारी तिची चहाची सुट्टी व्हायची, आणि नेमकी त्याच सुमारास पायलटला दोन फेऱ्यांच्या मध्ये जरा फट मिळायची. ती फट त्याने डेपोत उभं राहून घालवावी असा नियम होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुपारी, मुलीने एक मुलगा पसंत केलाय हे आईच्या कानावर जाण्याआधी बायकोला सांगायचं म्हणून, त्याने रिकामी बस लाँड्रीच्या मागच्या गल्लीत आणली. दोघं बसमध्ये बसली, खिडक्या लावल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच एकमेकांशी मोठ्याने बोलली. एवढं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काही नसतानाही तो आला.

तेव्हापासून त्यांचा खरा संसार त्या उभ्या बसमध्येच झाला म्हणायचा. मुलीचं लग्न तिथे ठरलं. मुलाची पहिली नोकरी गेली तेव्हा तिथेच दोघं डोळे पुसून घरी हसत गेली. भांडणंसुद्धा घरी राखून ठेवायची आणि बसमध्ये काढायची; वेळ कमी असल्यामुळे ती मुद्देसूद व्हायची आणि मिटायचीही लवकर. बाकी दिवस नुसता चहा आणि गप्पा. कोण काय म्हणालं, कोणाच्या चादरीच्या घडीत काय सापडलं, कोणते प्राध्यापक पुन्हा छत्री विसरले. बायको नकला फार छान करायची. घरात ती तोंडातून शब्द काढत नाही असा सगळ्यांचा समज होता. ती नकला करते हे जगात एका पायलटलाच माहीत होतं.

बरं, या दोघांनी आणखी एखादा नियम मोडला असेल तर तो एवढाच. विद्यापीठाची बस विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची; कामवाल्यांनी तिच्यात चढायचं नाही असा शिरस्ता होता. चालत्या बसमध्ये पायलटने बायकोला कधी घेतलं नाही. चाकं फिरत असली की तो नियमाचा पक्का, चाकं थांबली की नवरा.

आता विद्यापीठ शहाणं व्हायला निघालं होतं. स्मार्ट कॅम्पस असं त्याचं नाव. सगळ्यांच्या गळ्यात कार्डं आली. माणूस जवळ आला की रस्त्यावरचे दिवे उजळायचे, कचऱ्याचे डबे भरले की स्वतःच निरोप पाठवायचे, वर्गात कोणी नसलं की पंखे बंद. गणिताचे एक म्हातारे सर विचार करत निश्चल बसले की खोलीला वाटायचं इथे कोणीच नाही, आणि दिवे जायचे. मग ते विचार करताना अधूनमधून हात हलवू लागले. बाहेरून जाणाऱ्या पोरांना वाटायचं सर आपल्यालाच बोलावतायत. बसच्या वाट्याला आली ती काळी डबी. बस कुठे आहे ते प्रत्येकाच्या फोनवर निळ्या ठिपक्याच्या रूपात दिसू लागलं, आणि कंट्रोल रूममध्ये एक मॅडम त्या ठिपक्यांवर नजर ठेवून बसली.

खोटं बोलायचं तर माणसाने आदल्या रात्री तयारी करावी. पायलटला ते जमत नव्हतं. त्या दिवशी टायर म्हणून सुटला, पण संध्याकाळी डेपोत पोचतो तर वर्कशॉपचे दोन जण जॅक घेऊन उभे. मॅडमने नोंद केली होती, नोंदीची तक्रार झाली होती, आणि तक्रार फिरत फिरत वर्कशॉपला पोचली होती. चांगला धडधाकट टायर काढून त्यांनी नवा बसवला.

दुसऱ्या दिवशी डबी बोलली तेव्हा तो म्हणाला, "इंजिन तापलंय." संध्याकाळी रेडिएटर बदलला.

तिसऱ्या दिवशी त्याने यंत्राचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं. गल्लीत नेहमी एक पिवळं कुत्रं झोपायचं. "रस्त्यात कुत्रं झोपलंय," तो म्हणाला, आणि हे तर खरंच होतं. दुसऱ्या दिवशी त्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला एक छोटी डबी. ते आता कुठे झोपतं हेही मॅडमला दिसू लागलं.

"घ्या," बायको हसून हसून वाकडी झाली. "त्याला पण कार्ड मिळालं."

"हसू नकोस. आज काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं काय सांगू? बायकोशी बोलतोय?"

"मग लाज कसली? लग्नाचीच आहे ना?"

पण पायलटची जीभ रेटली नाही. डबी बोलली तेव्हा तो घाईघाईने म्हणाला, "झाडाची फांदी आड आलीय." दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने बस गल्लीत वळवली आणि त्याचं तोंड उतरलं. ज्या झाडाखाली तो इतकी वर्षं बस लावत आला होता, त्याची रस्त्यावर झुकलेली सगळी बाजू साफ छाटून टाकली होती. बस रणरणत्या उन्हात उभी राहिली.

बायको थर्मास घेऊन आली. वर बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "सावली घालवलीत ना? आता उद्या काही बोलू नका तुम्ही. नाहीतर मलाच उचलून नेतील."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण गंमत अशी, की त्या दिवशी डबी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पायलटला वाटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला. मॅडम कंटाळली असेल. नव्याचे नऊ दिवस. त्या आठवड्यात दोघांच्या गप्पांना असा रंग चढला की बायकोने डबीचीसुद्धा नक्कल करून दाखवली, नाकातल्या आवाजासकट.

आणि मग एका दुपारी गल्लीत एक मुलगी उभी. पाठीवर दप्तर, कानात इअरफोनची बोंडं, हातात फोन. पायलटने बस थांबवली तशी ती चढली, कार्ड टेकवलं, आणि खिडकीशी जाऊन बसली.

"ताई, इथे स्टॉप नाही," पायलट म्हणाला.

"आहे ना काका." तिने फोन पुढे केला. नकाशावर निळा ठिपका, त्याच्याखाली ठसठशीत अक्षरं: लाँड्री मागील बाजू. "आज सकाळपासून दिसतोय. बरं झालं, मला प्रयोगशाळेतून इथे जवळ पडतं."

बायको मागच्या दारातून बाहेर आली, एका हातात थर्मास, दुसऱ्यात दोन कप. बसमध्ये मुलगी पाहून ती तशीच उभी राहिली. मग अगदी साळसूदपणे खिडकीपाशी आली, एक कप भरून पायलटच्या हातात दिला, आणि दुसरा कप रिकामाच घेऊन आत गेली.

आठवडाभरात गल्लीत खांब उभा राहिला. खांबावर पाटी, आणि पाटीवर पुढची बस किती वेळात येईल ते सांगणारे लाल आकडे. पोरं येऊ लागली. पण पोरांपेक्षा जास्त आल्या त्या लाँड्रीतल्या बायका. सकाळच्या पाळीतल्या बायका त्याच सुमारास सुटायच्या आणि तळ्याला वळसा घालून पार मुख्य दरवाजापर्यंत पायी जायच्या. आता गळ्यातलं कार्ड सगळ्यांचं सारखंच होतं. ते टेकवलं की यंत्र टुंग म्हणायचं, आणि कोण धुणारी आणि कोण शिकवणारी हे काही त्याला कळायचं नाही. शिरस्ता कोणी मोडला नाही, तो आपोआपच गळून पडला. पहिल्या दिवशी त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई, जिला सगळे थोरली म्हणायचे, पायरीवर एक पाय ठेवून पायलटला विचारत होती, "येऊ का रे आत? कोणी ओरडणार नाही ना?" तिचे गुडघे कधीच कामातून गेले होते. ती सीटवर टेकली आणि तिने असा सुस्कारा सोडला की अख्ख्या बसला ऐकू गेला.

पायलटला ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, वाटलंच. पण दोन दिवस.

मग त्याच्या पोटात गोष्टी साठायला लागल्या. एका सरांनी दीक्षान्त समारंभात उलटा झगा घातला, ती गोष्ट. डेपोतल्या मित्राचं त्याच्या जावयाशी वाजलं, ती गोष्ट. मुलगा हल्ली जेवताना गप्प असतो, ती काळजी. बायको खिडकीतून कप देऊन जायची आणि तो "अगं" म्हणेपर्यंत कोणीतरी कार्ड टेकवायचं, टुंग. त्याने उलट्या झग्याची गोष्ट घरी सांगून बघितली. तो अर्ध्यावर आला तेव्हा आतून आई म्हणाली, "काय म्हणतोयस? मोठ्याने बोल." मोठ्याने बोलला तेव्हा टीव्हीत कोणीतरी रडायला लागलं. सून म्हणाली, "बाबा, जरा थांबता का?" पायलट थांबला. बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिला हसू आलंय की रडू, हे त्याला इतक्या माणसांत ओळखता आलं नाही, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं. तो चिडचिड करू लागला. पोरं चढताना "उडायचंय" म्हणेनासा झाला.

शेवटी एका सकाळी फेरी सुरू व्हायच्या आधी तो कंट्रोल रूममध्ये गेला. त्याला वाटलं होतं, आत कोणी खाष्ट बाई असेल. निघाली ती त्याच्या मुलीच्या वयाची, समोर भिंतभर पडदा, आणि टेबलावर पोळीभाजीचा उघडा डबा.

"तुम्ही दोन नंबर!" ती लगबगीने उठली. "या ना काका, बसा."

"मॅडम, तो लाँड्रीमागचा स्टॉप कोणी टाकला?"

"कोणीच नाही. यंत्र शिकतं ते. बस रोज जिथे थांबते, तिथे लोकांना बस हवी असणार असं त्याला वाटतं. मग ते स्टॉप सुचवतं, आणि साहेबांनी सगळ्या सूचनांना एकदमच हो म्हटलं."

"पण मी तर रोज वेगळं कारण सांगत होतो."

"कारणं वेगळी होती काका. जागा एकच होती."

पायलट टोपी काढून हातात फिरवू लागला. तिच्या डोळ्यात खट्याळ काहीतरी आहे असं त्याला वाटलं. मग त्याने खरं सांगितलं. कान लाल झाले, पण घर, आई, टीव्ही, चहा, सगळं सांगितलं. फक्त नकलांचं सांगितलं नाही. ते त्याने आपल्याजवळच ठेवलं.

मॅडम ऐकताना हसत होती, मग हसायची थांबली. "माझा नवरा दुसऱ्या शहरात असतो," ती म्हणाली. "रोज फोनवर बोलतो आम्ही. सगळं सांगून होतं आणि तरी वाटतं काही बोललोच नाही." ती पडद्याकडे वळली. "मी तो स्टॉप काढून टाकते. तिथे ड्रायव्हरची विश्रांती असं टाकते. ते नियमात बसतं. मग तुम्हाला कोणी विचारणार नाही, आणि कोणी चढणारही नाही. तिथे फार लोक असतात का हो?"

पायलटच्या डोळ्यांसमोर थोरली आली, पायरीवर एक पाय ठेवलेली.

"नाही हो," तो म्हणाला. "असतात चार टाळकी."

बाहेर आला तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. त्याने दुकानातून चांगलीतली बिस्किटं घेतली. फेऱ्या मारताना प्रत्येक स्टॉपवर "बसा, बसा, उडायचंय" म्हणाला. आणि दुपारी बस गल्लीत वळवली तर काय, खांबावरची पाटी काळीठिक्कर, एकही पोर नाही, आणि कुत्रं आपल्या जागी झोपलेलं. बायको थर्मास घेऊन बाहेर आली आणि रिकामी बस पाहून थबकली.

"ये, ये," तो म्हणाला. "नीट बस. आज घाई नाही. आज कोणी येणार नाही."

"असं कसं झालं?"

"आधी बस तर! काय काय सांगायचंय तुला."

ती बसली, पाय वर घेतले. त्याने उलट्या झग्याची गोष्ट सांगितली आणि ती पोट धरून हसली. मग तिने उठून झगा उलटा घातलेले सर कसे चालले असतील ते करून दाखवलं, एप्रनच मागेपुढे करून. पायलटच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी तो असा हसत होता! मग तो मुलाबद्दल बोलला, आणि ती म्हणाली, "त्याचं मी काढलंय विचारून. कामाचा ताण आहे, दुसरं काही नाही," आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरला. तिने दुसरा कप भरायला घेतला.

भरता भरता तिचा हात थांबला. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"अहो, त्या कशाला उभ्यात?"

खांबापाशी थोरली उभी होती, आणि आणखी तिघी. हातात पिशव्या. छाटलेल्या झाडाची काडीचीही सावली नव्हती, आणि चौघी उन्हात, बसकडे पाठ करून उभ्या होत्या. ओळीने. भिंतीकडे बघत. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्याकडे नकाशे दाखवणारे फोन नव्हते. पाटी काळी दिसली तर त्यांना वाटलं बिघडली असेल. बस रोज येते, आजही आलीच आहे. आत दोघं बसलीयत, त्यांचं होईल, मग निघेल.

पायलटने खिडकी सरकवली. "थोरले, आज... म्हणजे आजपासून इथे स्टॉप नाही. काढला तो."

थोरलीने मान वळवली नाही. "असू दे, असू दे. तुमचं चालू द्या निवांत. आम्ही काही बघत नाही."

"अगं, पण उन्हात कशाला उभ्या राहिलात?" बायको ओरडली.

"मग काय तुमच्यात येऊन बसू? इतकी वर्षं तुझ्या चहाच्या वेळेला मागच्या दाराची कडी मीच लावते आतून, कोणी मधे कडमडू नये म्हणून. आज मीच कडमडू?"

दोघांना इतकी वर्षं वाटत होतं, झाकली मूठ आहे. ती मूठ अख्ख्या लाँड्रीने मिळून झाकून धरली होती, आणि आपल्या हाताला कळ लागते असं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

बायकोने भरलेला कप तसाच थर्मासच्या झाकणाशेजारी ठेवला. "तुम्ही काढायला लावलात?"

पायलटने हो म्हणून मान हलवली.

"थोरलीला विचारलंत?"

"नाही."

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती रागावली नाही. तिने त्याच्या गालाला हात लावला. ओल्या चादरींनी आणि इस्त्रीच्या वाफेने बोटांची टोकं कायमची पांढरी झालेला तो हात, दिवसाढवळ्या, उघड्या खिडकीत, चार बायकांच्या पाठीमागे. मग ती उठून दारापाशी गेली आणि बटण दाबलं. दार फुस्स करून उघडलं.

"चढा गं," ती म्हणाली. "चहा संपला आमचा."

पायलटने डबीचं बटण दाबलं. "मॅडम, दोन नंबर बोलतोय. तो स्टॉप परत टाका."

"काका, मग तुमची विश्रांती?"

"ती राहू द्या. इथे चार टाळकी नाहीत. माणसं आहेत, आणि त्यांचे गुडघे दुखतात." बटण तसंच दाबून धरत तो म्हणाला, "कारण लिहायचं असेल तर तेच लिहा."

"लिहिते," मॅडम म्हणाली, आणि क्षणभराने पाटीवरचे लाल आकडे पुन्हा पेटले.

बायका एकेक करून चढल्या, टुंग, टुंग. थोरलीला दोघींनी हात दिला. बायको उतरायला वळली तर थोरलीने तिच्या एप्रनचं टोक धरलं.

"तू कुठे चाललीस?"

"कामाला. सुट्टी संपत आली."

"चालली मोठी कामाची! मुकादमीणबाईला मी आतच सांगून आलेय, ही आज उशिरा येणार म्हणून. बस खाली. एक चक्कर मारून ये. नवरा जन्मभर बस चालवतो, कधी बसलीस का चालत्या बसमध्ये त्याच्या?"

बायको पायलटकडे बघू लागली. पायलट तिच्याकडे. हे दोघांच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं ती या बसमध्ये रोज बसली होती, तिला कोणत्या सीटचा स्पंज फाटलाय ते माहीत होतं, पण तिने बस हलताना पाहिली ती लाँड्रीच्या दारातूनच.

"कार्ड टेकव की," पायलट म्हणाला.

तिने गळ्यातलं कार्ड टेकवलं. टुंग. मग आपल्या नेहमीच्या जागेवर बसली, पण या वेळी पाय खाली आणि दोन्ही हात समोरच्या दांड्यावर. पायलटने इंजिन सुरू केलं. आपल्या रोजच्या आरोळीसाठी त्याने तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला ते म्हणता येत नाहीये. थोरलीच मागून ओरडली, "अरे, उडव ना!"

ती दुपारची गुपचूप वेळ गेली ती गेलीच, हे त्याला कळत होतं. उद्यापासून इथे पोरं असणार, बायका असणार. उलट्या झग्यासारख्या गोष्टी पुन्हा पोटात साठणार, आणि त्या घरी कशा सांगायच्या हे आता शिकावं लागणार, टीव्ही बंद करून, आईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात. जमेल की नाही कोण जाणे. पण वाईट वाटायला त्याला वेळच नव्हता. बस गल्लीतून बाहेर पडली आणि वळणावर बायकोने दांडा घट्ट पकडला.

ग्रंथालय आलं. "हे बघ, हे," असं तो म्हणणार तेवढ्यात छतातला बाईचा आवाज म्हणाला, "पुढील थांबा, ग्रंथालय," आणि बायकोने वर बघून त्या आवाजाला आदबीने मान डोलावली. मागच्या तिघी खुदखुदल्या. प्रयोगशाळेपाशी पांढरे कोट घातलेली पोरं चढली, तेव्हा ती त्यांच्या कॉलरांकडे बघत राहिली. त्या तिनेच कडक केल्या होत्या. एकाला ती म्हणाली, "बाळा, बटण सैल झालंय तुझं," आणि तो बिचारा कोट सावरत बसला. मग तळं आलं. तळ्याच्या बाजूने रस्ता मोकळा होता. पाण्यावरून वारा येत होता आणि तिने खिडकी पूर्ण उघडली.

पायलटने आरशात पाहिलं. वाऱ्याने तिचे केस सुटले होते. गालावर, कपाळावर, तोंडात येत होते, निम्मे काळे, निम्मे पांढरे. इस्त्रीवरची बाई ती, चादरीच्या टोकाला एक सुरकुती राहिलेली तिला खपत नसे. पण तिने केसांना हात लावला नाही. दांडा सोडून तिने एक हात खिडकीबाहेर काढला, बोटं पसरली, आणि वारा त्यांच्यातून जाऊ दिला.

हात बाहेर काढू नये असा नियम होता. पायलटने तो तिला सांगितला नाही. त्याने फक्त बस जरा हळू केली.